किडनीचं भाकीत: उशीर नेमका कुठे होतो?

मधुमेह असलेल्या माणसाची किडनी पुढे निकामी होणार की नाही, हे रक्ताच्या एका चाचणीवरून काही वर्षं आधी सांगता येतं, या बातमीवर विदर्भात बराच वाद घातला जातो आहे. एक बाजू म्हणते, ही चाचणी ताबडतोब सरकारी योजनेत घ्या, तालुक्याच्या शिबिरांत आणा. आपल्याकडे माणूस मोठ्या दवाखान्यात पोचतो तोवर डायलिसिसशिवाय काही उरलेलं नसतं. दुसरी बाजू म्हणते, हे मोठ्या शहरांतल्या पैसेवाल्यांचे लाड आहेत. इथे उपकेंद्रात शुगर तपासायच्या पट्ट्या संपलेल्या असतात, आधी त्याचं बघा. दोन्हीकडची माणसं तळमळीची आहेत. पण वाद चुकीच्या जागी चालला आहे. मधुमेह सापडल्यापासून डायलिसिसच्या मशिनपर्यंत बहुतेकांची दहा-पंधरा वर्षं जातात. त्या वर्षांत उशीर नेमका कुठे होतो, हे पाहिल्याशिवाय कोणती चाचणी हवी आणि कोणती नको, हे कसं ठरवणार?

माझं म्हणणं असं आहे. ग्रामीण विदर्भात हा उशीर चांगली चाचणी नसल्यामुळे होत नाही. लघवीतलं प्रथिन पाहणारी जी चाचणी चाळीस वर्षांपासून आहे ती न झाल्यामुळे होतो, आणि झाली तरी तिच्या निकालावर वेळेत गोळी सुरू न झाल्यामुळे होतो. म्हणून धोक्याचं भाकीत करणारी नवी रक्तचाचणी आज गावच्या रुग्णसेवेत आणणं चूक ठरेल. पण संशोधनात ती इथेच, आपल्या माणसांसाठी, आणि लवकरात लवकर यायला हवी. या दोन गोष्टींत मला कुठेही विरोध दिसत नाही.

ज्या चाचणीबद्दल एवढं बोललं जातं ती काय आहे, हे आधी नीट समजून घ्यावं. शरीरात दाह असतो तेव्हा टीएनएफ नावाचा एक रेणू काम करतो. तो पेशींवरच्या ज्या ग्राहक प्रथिनांना चिकटतो, त्यांचे काही तुकडे सुटून रक्तात फिरतात. टीएनएफआर-१ आणि टीएनएफआर-२ ही त्यांची नावं. तिसरं प्रथिन किम-१. किडनीतल्या बारीक नलिकांना इजा झाली की ते वाढतं. बोस्टनच्या जोस्लिन मधुमेह केंद्रातल्या संशोधकांनी २०१२ मध्ये टाईप २ मधुमेहाच्या ४१० रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांच्या रक्तात टीएनएफआर-१ सर्वांत जास्त होतं, त्या वरच्या चौथाई गटातल्या ५४ टक्के लोकांची किडनी १२ वर्षांत पूर्ण निकामी झाली. उरलेल्यांत हेच प्रमाण ३ टक्के होतं. हा फरक डोळे विस्फारणारा आहे. २०१९ मध्ये याच संशोधकांनी अशा १७ प्रथिनांचा संच मांडला. जून २०२३ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेनं या तीन प्रथिनांवर आणि रुग्णाच्या इतर माहितीवर आधारलेल्या एका चाचणीला परवानगी दिली. तिथल्या मेडिकेअर या सरकारी योजनेनं तिचा दर ९५० डॉलर धरला आहे. म्हणजे हे संशोधन कुठल्याही अर्थानं थोतांड नाही, आणि त्याला थोतांड म्हणून उडवून लावणाऱ्यांनी निदान हे आकडे तरी वाचावेत.

नव्या चाचणीच्या बाजूचे लोक आणखी एक मुद्दा मांडतात, आणि तो वजनदार आहे. आपण ज्या जुन्या चाचण्यांवर विसंबतो त्या खरोखर अपुऱ्या आहेत. लघवीतलं अल्ब्युमिन हे प्रथिन ताप आला, लघवीत जंतुसंसर्ग झाला, अंगमेहनत जास्त झाली तरी वाढतं. मे महिन्यात उन्हात काम करून आलेल्या माणसाचा एकच नमुना घेऊन निदान करणं धोक्याचं आहे, म्हणून तीन ते सहा महिन्यांत तीनपैकी दोन नमुने जास्त आले तरच ते खरं धरतात. ज्यांच्या लघवीत थोडं अल्ब्युमिन सापडलं, त्यांच्यातल्या अनेकांत ते पुढे आपोआप कमी होतं, हे जोस्लिनच्याच संशोधकांनी २००३ मध्ये दाखवलं. उलट बाजूनं, ब्रिटनच्या मोठ्या मधुमेह अभ्यासात ज्यांची किडनी कमजोर झाली त्यांच्यातल्या निम्म्याच्या आसपास लोकांच्या लघवीत आधी अल्ब्युमिन आलंच नव्हतं. क्रिएटिनिनचं, म्हणजे किडनीनं गाळून बाहेर टाकायच्या रक्तातल्या टाकाऊ पदार्थाचं, तर विचारूच नका. किडनीचं निम्मं काम गेलं तरी ते कागदावर ‘नॉर्मल’ दिसू शकतं. हे सगळं मान्य आहे. जुनी चाचणी निर्दोष आहे म्हणून तिच्या बाजूनं बोलावं, असं मला कधीच वाटलं नाही.

पण मग गावात काय दिसतं? रुग्णांच्या फायली घेऊन ग्रामीण रुग्णालयातून जिल्ह्याला आणि जिल्ह्यातून नागपूरला जाण्याचं काम मी करतो, त्यामुळे प्लास्टिकच्या पिशव्यांतले कागद खूप पाहायला मिळतात. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका काकूंची पिशवी सांगतो. वय पंचावन्नच्या आसपास, वजन बेताचं, सगळी हयात कापूस वेचण्यात आणि निंदणात गेलेली. मधुमेह सापडून बरीच वर्षं झालेली. पिशवीत शुगरच्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा होता, टाचण्या आणि स्टेपलरच्या पिनांच्या गंजानं पिवळ्या पडलेल्या. बीपी काही चिठ्ठ्यांवर लिहिलेलं होतं, काहींवर ती जागा कोरी. मधल्या कुठल्याशा शिबिरात केलेला क्रिएटिनिनचा एक रिपोर्ट होता: १.१. समोर छापलेल्या मर्यादेच्या आत, म्हणून त्यावर कुणी खूणही केलेली नव्हती. लघवीचा एकही कागद नव्हता. विचारलं तर म्हणाल्या, “शुगर तं दर महिन्याले तपासतो ना भाऊ, लघवी कोनी मांगतलीच नाई.” त्या आल्या तेव्हा पायांवर बोट दाबलं की खड्डा पडत होता.

त्या १.१ या आकड्यापाशी थोडं थांबू. क्रिएटिनिन स्नायूंतून येतं, म्हणून नुसता आकडा काही सांगत नाही. वय आणि स्त्री-पुरुष लक्षात घेऊन सूत्रात घालावा लागतो. आज वापरात असलेल्या २०२१ च्या सूत्रात पंचवीस वर्षांच्या तरुणाचा १.१ घातला तर किडनीची गाळण्याची क्षमता मिनिटाला ९५ मिलिलिटरच्या वर येते, एकदम ठणठणीत. तोच १.१ पंचावन्न वर्षांच्या बाईचा घातला तर क्षमता ५९ येते. ६० च्या खाली तीन महिने राहिली तर तो किडनीचा जुना आजार धरतात. हे झालं सरासरी बांध्याच्या माणसाचं. काकूंसारख्या अंगावर मांस नसलेल्या बाईची खरी क्षमता त्याहूनही कमी असणार, कारण स्नायू कमी म्हणजे क्रिएटिनिन मुळातच कमी तयार होतं. म्हणजे धोक्याचा इशारा त्या पिशवीत आधीच पडलेला होता. तो वाचायला बोस्टनचं प्रथिन लागत नव्हतं. फोनवरचा हिशोब आणि वाचणारा एक माणूस लागत होता. लघवी त्याच दिवशी तपासली असती तर पुढचं चित्रही उघड झालं असतं. मग सांगा, या घरात उशीर कुठे झाला?

हा एका घराचा अपवाद नाही; आपल्या तपासणीच्या रचनेतच तो आहे. तीस वर्षांवरच्या प्रत्येकाची घरोघर तपासणी करण्याचा जो राष्ट्रीय कार्यक्रम आहे, त्याचा भर रक्तदाब, मधुमेह आणि तोंड, स्तन, गर्भाशयमुख या तीन कर्करोगांवर आहे. आशाताई फॉर्म भरतात, समुदाय आरोग्य अधिकारी शुगर-बीपी पाहतात, माणूस ‘मधुमेही’ म्हणून नोंदवला जातो. तिथून पुढे दरवर्षी त्याची लघवी अल्ब्युमिनसाठी तपासली जाईल, अशी पक्की साखळी गावपातळीवर नाही. दुसऱ्या टोकाला मात्र योजना आहेत. २०१६ पासून जिल्हा रुग्णालयांत गरिबांना मोफत डायलिसिस देणारा केंद्राचा कार्यक्रम आहे, महात्मा फुले जन आरोग्य योजनेतही डायलिसिस बसतं. ते असायलाच हवं. पण एक वेळचं डायलिसिस म्हणजे चार तास, आठवड्यातून तीनदा केलं तर वर्षाला १५६ वेळा. मशीन मोफत असलं तरी एसटीचं भाडं मोफत नाही, सोबत येणाऱ्या मुलाची बुडालेली मजुरी कुठल्या योजनेत बसत नाही. भामरागडहून गडचिरोली दीडशे किलोमीटरहून लांब आहे. म्हणून माणसं आधी तीनाचे दोन करतात, मग दोनाचं एक, आणि मग येणंच बंद होतं. शेवटच्या टप्प्यावर सरकार पैसे मोजतं आणि पहिल्या टप्प्यावरची लघवी तपासायची काही रुपयांची पट्टी कुणाच्या यादीत नसते, हे मला कुठल्याही नव्या चाचणीच्या अभावापेक्षा जास्त गंभीर वाटतं.

इतिहास पाहिला तर हा उशीर केवढा मोठा आहे ते कळतं. लघवीत अगदी थोडं अल्ब्युमिन दिसू लागलं की पुढे किडनीचा आजार होण्याची शक्यता बरीच वाढते, हे लंडनच्या संशोधकांनी १९८२ मध्ये दाखवलं. दोन वर्षांनी डेन्मार्कमधून त्याला दुजोरा आला. म्हणजे ‘किडनी बिघडण्याआधी सांगणारी चाचणी’ ही आजची बातमी नाही. ती बातमी तेव्हाच आली होती. तेव्हाही प्रश्न विचारला गेला की आधी कळून करायचं काय? त्याचं उत्तर हळूहळू येत गेलं. १९९३ मध्ये कॅप्टोप्रिल या बीपीच्या गोळीच्या अभ्यासात टाईप १ मधुमेहाच्या रुग्णांत मृत्यू, डायलिसिस किंवा प्रत्यारोपण यांचा धोका निम्म्यावर आला. १९९८ मध्ये ब्रिटनच्या अभ्यासानं दाखवलं की टाईप २ मधुमेहात रक्तदाब काटेकोर सांभाळला तर डोळे-किडनीसारख्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या गुंतागुंती ३७ टक्क्यांनी कमी होतात. २००१ मध्ये लोसार्टन या बीपीच्या गोळीचा उपयोग सिद्ध झाला. २०१९ मध्ये कॅनाग्लिफ्लोझिन आणि २०२० मध्ये डापाग्लिफ्लोझिन या मधुमेहाच्या गोळ्यांनी किडनीची घसरण मंदावण्यात मोठं यश दाखवलं. डापाग्लिफ्लोझिनच्या अभ्यासात ४३०४ लोक होते आणि किडनी ढासळण्याचा वा किडनी किंवा हृदयाच्या आजारानं मृत्यूचा धोका ३९ टक्क्यांनी कमी झाला. चाचणीला उपचाराची जोड मिळाली म्हणून अल्ब्युमिनला किंमत आली. आणि ही जोडी पूर्ण झाल्यावरही ती वणी, कुरखेडा, धारणीच्या उपकेंद्रापर्यंत नीट पोचली नसेल, तर नवी चाचणी कोणत्या रस्त्यानं पोचणार आहे? रस्ता तोच, गाडी तीच, माणसंही तीच.

भाकीत खरं ठरूनही हाती काही लागत नाही, याचा पुरावाही विज्ञानातच आहे. युरोपात टाईप २ मधुमेह असलेल्या, पण लघवीत अजून अल्ब्युमिन नसलेल्या १७७५ लोकांवर एक मोठा अभ्यास झाला. लघवीतल्या प्रथिनांच्या बारीक तुकड्यांचा नकाशा पाहून त्यांतले जास्त धोक्याचे लोक आधीच निवडले. ते साधारण १२ टक्के निघाले. पुढे खरोखरच त्यांच्यात जास्त लोकांना त्रास सुरू झाला. भाकीत बरोबर होतं. पण त्यांतल्या अर्ध्या लोकांना आधीपासून स्पायरोनोलॅक्टोन ही गोळी देऊनही फरक पडला नाही. २०२० मध्ये हा निकाल प्रसिद्ध झाला. या अभ्यासाला मी अपयश म्हणत नाही. उलट असा प्रामाणिक अभ्यास केल्याशिवाय हे कळलंच नसतं. पण त्यातून एक गोष्ट स्वच्छ होते. ‘कोणाला होणार’ हे कळणं आणि ‘ते थांबवता येणं’ यांत अंतर आहे, आणि ते अंतर चाचणी विकणाऱ्याच्या पत्रकात छापलेलं नसतं.

शिवाय अमेरिकेत मान्य झालेली ती रक्तचाचणी कुणासाठी आहे, हे या वादात जवळजवळ कुणी सांगत नाही. ती टाईप २ मधुमेह असलेल्या आणि किडनीचा आजार आधीच सापडलेल्या प्रौढांसाठी आहे. तो आजार पुढे वेगानं वाढेल की हळू, एवढं ती सांगते. आता किडनीचा आजार सापडतो कशानं? लघवीतल्या अल्ब्युमिननं आणि क्रिएटिनिनच्या हिशोबानं. म्हणजे ज्यानं लघवी तपासलेली नाही, त्याला या चाचणीच्या दारापर्यंतही जाता येत नाही. आणि ज्याची लघवी तपासून आजार सापडला, त्याला आजच्या शास्त्रानुसार काय द्यायचं ते ठरलेलं आहे, धोका जास्त असो की मध्यम. मग मधल्या चाचणीनं कोणती गोळी बदलली?

इथे एक नैतिक आक्षेप येतो, आणि तो मला सर्वांत जास्त अस्वस्थ करतो. गरिबांनी कायम जुन्यावरच का भागवायचं? शहरातल्या माणसाला प्रथिनांचा नकाशा आणि आमच्या माणसाला लघवीची पट्टी, ही वाटणी कोणी ठरवली? ‘आधी मूलभूत सोयी’ हे वाक्य किती वेळा गरिबांना ताटकळत ठेवण्यासाठी वापरलं गेलं, याला इतिहास साक्षी आहे. एड्सची औषधं वर्षाला हजारो डॉलरला मिळत होती, तेव्हा आफ्रिकेतल्या खेड्यांतल्या लोकांना वेळ पाळून गोळ्या घेणं जमणार नाही, असं मोठ्या पदांवरची माणसं उघड म्हणत होती. २००१ मध्ये मुंबईच्या सिप्लानं तीच औषधं वर्षाला ३५० डॉलरला देऊ केली आणि पुढच्या काही वर्षांत तो सगळा युक्तिवाद कोसळला. क्षयरोगाचंही तसंच. थुंकी सूक्ष्मदर्शकाखाली पाहणं चालू असताना सीबीनॅटसारखं महागडं यंत्र कशाला, असं कुणी म्हटलं असतं तर ते चुकलं असतं. आज जिल्ह्याच्या ठिकाणी ते यंत्र आहे आणि त्यानं जीव वाचतात.

पण सीबीनॅट का योग्य ठरलं, हे नीट पाहायला हवं. दोन तासांत ते सांगतं की क्षयाचे जंतू आहेत का, आणि रिफाम्पिसिन या मुख्य औषधाला दाद देतील का. दाद देणार नसतील तर दुसऱ्या दिवशी औषधं वेगळी सुरू होतात. निकालानं रुग्णाच्या हातातली गोळी बदलते, आणि ती गोळी सरकारी दवाखान्यात फुकट असते. एड्सच्या लढ्यातही लोक औषध मागत होते, नुसतं भाकीत मागत नव्हते. गरिबांचा हक्क उपचारावर आहे, आणि उपचाराकडे नेणाऱ्या प्रत्येक चाचणीवर आहे, मग ती कितीही नवी आणि महाग असो. ज्या दिवशी टीएनएफआर-१ चा निकाल पाहून एखाद्या रुग्णाचं औषध बदलेल आणि त्यानं त्याची किडनी वाचेल, त्या दिवशी ती चाचणी मेळघाटात फुकट मिळावी म्हणून मी सर्वांत आधी उभा राहीन.

कुणी म्हणेल, औषधं तरी सगळ्यांना कुठे पुरतात? मग ज्यांना जास्त धोका आहे त्यांना आधी द्यायला ही चाचणी उपयोगी नाही का? काही वर्षांपूर्वी हा मुद्दा मला पटला असता. आता परिस्थिती बदलली आहे. डापाग्लिफ्लोझिनचं मूळ पेटंट भारतात २०२० मध्ये संपलं, त्याच जातीच्या एम्पाग्लिफ्लोझिनचं मार्च २०२५ मध्ये. आज अनेक भारतीय कंपन्या या गोळ्या बनवतात आणि त्या पूर्वीच्या मानानं खूपच स्वस्त झाल्या आहेत. टेल्मिसार्टन, लोसार्टन, एनालाप्रिल या बीपीच्या गोळ्या तर त्याहून स्वस्त. गोळीपेक्षा गोळी कोणाला द्यायची हे ठरवणारी चाचणी कित्येक पट महाग असेल, तर त्या पैशात गोळ्याच का घेऊ नयेत? अर्थात गोळी दिली की काम संपलं असंही नाही. डापाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्यांनी लघवी वाढते, अंगातलं पाणी कमी होतं. एप्रिल-मे मध्ये उन्हात राबणाऱ्या माणसाला कधी थांबवायची ते सांगावं लागतं. टेल्मिसार्टन सुरू केल्यावर पोटॅशियम आणि क्रिएटिनिन पुन्हा पाहावं लागतं. यासाठी ओळखीचा, विश्वासाचा आरोग्य कर्मचारी लागतो. पैसा घालायचा तर तो या माणसावर घाला.

‘कमी धोका’ असा निकाल आला तर काय होईल, याचा विचार तर कोणीच करत नाही. ज्याच्या कागदावर धोका कमी लिहिलं आहे तो बीपीची गोळी चालू ठेवील? आणि ‘जास्त धोका’ लिहिलेला माणूस कुठे जाईल? सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या तपासण्या झाल्या तेव्हा पूर्व विदर्भातल्या गावांनी याचा अनुभव घेतला आहे. हातात कार्ड आलं, समुपदेशन नीट झालं नाही, आणि त्या कार्डाचं पहिलं काम मुलीच्या सोयरिकीत अडथळा आणण्याचं झालं, असं लोक अजून सांगतात. किडनीच्या भाकिताबरोबर औषध आणि आधार नसेल तर त्या माणसाच्या दारात जडीबुटीवाला सर्वांत आधी पोचेल.

सिकलसेलचा विषय निघाला म्हणून विदर्भाच्या रक्ताबद्दलही बोललं पाहिजे, कारण माझ्या मते या सगळ्या प्रश्नात सर्वांत कमी लक्ष इथे गेलं आहे. मधुमेहाची तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी चाचणी तांबड्या पेशींच्या आयुष्यावर अवलंबून असते. सिकलसेलच्या रुग्णात पेशी लवकर मरतात, म्हणून शुगर जास्त असूनही एचबीए१सी कमी दिसते. सिकलसेलच्या वाहकांतही ती खऱ्या शुगरच्या मानानं कमी येऊ शकते. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदियात हा प्रश्न पुस्तकातला नाही. दुसऱ्यांच्या रक्तावर ठरलेली सीमारेषा आपल्या माणसाला सरळ लावली की काय होतं, ते आपण आधीच पाहिलं आहे. टीएनएफआर ही प्रथिनं तर दाहाशी जोडलेली. ज्या भागात क्षय, मलेरिया, हत्तीरोग आणि पायांच्या न भरणाऱ्या जखमा आहेत, तिथे बोस्टनमधल्या रुग्णांवर काढलेली रेषा तशीच लागू पडेल, हे गृहीत धरता येत नाही. अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या खारपाणपट्ट्यात तर लोक किडनीचं दुखणं पिढ्यान्‌पिढ्या पूर्णेच्या खोऱ्यातल्या खाऱ्या पाण्याशी जोडत आले आहेत. तिथल्या मधुमेही माणसाच्या रक्तात किम-१ वाढलेलं सापडलं तर ते मधुमेहाचं की पाण्याचं की आणखी कशाचं? नुसता ‘तुमचा धोका जास्त’ असा कागद त्याच्या हातात दिला, तर दोष त्याच्या रक्तात आहे असं ठरतं आणि बोअरवेल विसरली जाते.

आणि वेदनाशामक गोळ्या! यावर स्वतंत्र लेख लिहावा लागेल. कापूस वेचणीच्या दिवसांत कंबर आणि गुडघे धरतात, रात्री झोप लागत नाही, सकाळी पुन्हा शेतात जायचं असतं. मेडिकलमधून डायक्लोफेनॅकचं पाकीट चिठ्ठीशिवाय मिळतं, गावातला सुई देणारा तीच सुई देतो. मधुमेह, बीपीची गोळी, अंगातलं कमी झालेलं पाणी आणि त्यावर रोजचं डायक्लोफेनॅक, हे किडनीसाठी फार वाईट मिश्रण आहे. बाईला ‘गोळी खाऊ नको’ म्हणून भागत नाही, कारण तिची मजुरी त्या गोळीवर चालते. तिला दुसरं काही द्यावं लागेल: पॅरासिटामॉल, मलम, कामाच्या मधली विश्रांती, आणि औषध दुकानदाराला लगाम. कुठलं प्रथिन किती वाढलं यापेक्षा तिनं या हंगामात किती पाकिटं संपवली, हे विचारलं तर पुष्कळ कळतं, आणि त्यावर आजच काही करता येतं.

आता दुसऱ्या बाजूला, ‘आधी मूलभूत’ म्हणणाऱ्यांना एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. तुमचंही वागणं धड नाही. मूलभूत म्हणजे काय, हे तुम्ही कधी लिहून मागितलं? पट्ट्या संपल्या म्हणून ओरडता, पण जिल्हा नियोजनात लघवीच्या अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तराच्या तपासणीची मागणी किती जणांनी केली? दिवसभर शेतात वाकून काम करणाऱ्या बाईला ‘रोज चालत जा’ असा सल्ला देणं म्हणजे मूलभूत सेवा नव्हे. आणि संशोधनाला विरोध करून तर तुम्ही आपलंच नुकसान करता. आपल्या रक्तावर अभ्यास झाला नाही, तर वीस वर्षांनीही आपल्याला दुसऱ्यांच्या रेषा उसन्या घ्याव्या लागतील.

विज्ञान आणि गाव यांची नीट गाठ कशी घालावी, हे शिकायला लांब जावं लागत नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं लहान मुलांच्या न्यूमोनियावर जे काम केलं, त्याचा निकाल १९९० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. न्यूमोनिया ओळखायला क्ष-किरण यंत्र आणायचं ठरवलं असतं तर ते आजही वाटेतच असतं. मुलाचा श्वास एका मिनिटात किती वेळा होतो, ते मोजायला कमी शिकलेल्या गावकऱ्यांना आणि दायांना शिकवलं. आणि महत्त्वाचं म्हणजे मोजणाऱ्याच्या हातातच औषध दिलं. श्वास जास्त भरला की त्याच घरात उपचार सुरू. त्या गावांत न्यूमोनियानं होणारे बालमृत्यू निम्म्याहून अधिक कमी झाले. हे कमी दर्जाचं विज्ञान होतं का? जगानं त्याची दखल घेतली ती ते तुलना करून, मोजून, छापून सिद्ध केलं म्हणून. मोजणं आणि औषध देणं यांत अंतर राहू दिलं नाही, ही त्यातली किल्ली होती.

मधुमेही माणसाच्या किडनीसाठी असंच काही करायचं तर त्यात अशक्य काहीच नाही. प्रत्येक नोंदलेल्या मधुमेही रुग्णाची लघवी वर्षातून एकदा अल्ब्युमिनसाठी तपासली जावी; रक्ताचे नमुने प्राथमिक आरोग्य केंद्रातून प्रयोगशाळेत पाठवण्याची मोफत सोय राज्यात आहेच, त्याच गाडीतून लघवीची बाटली जाऊ शकते. क्रिएटिनिनच्या प्रत्येक रिपोर्टवर वय आणि स्त्री-पुरुष धरून काढलेली गाळण्याची क्षमता छापलेली असावी, आणि ती ६० च्या खाली असेल तर ठळक. टेल्मिसार्टन आणि डापाग्लिफ्लोझिन प्राथमिक आरोग्य केंद्राच्या कपाटात असाव्यात, तालुक्याच्या नव्हे. पुढची तपासणी कधी, ते आशाताईंच्या वहीत असावं, आणि त्यासाठी त्यांना वेगळा मोबदला मिळावा. आणखी एक फुकटचं काम त्यांच्या डोक्यावर टाकून हे होणार नाही.

संशोधनाचं म्हणाल तर सेवाग्रामला १९६९ पासून ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आहे, नागपूर, यवतमाळ, अकोल्याला सरकारी महाविद्यालयं आहेत. खारपाणपट्टा, कापसाचा पट्टा आणि सिकलसेलचा पट्टा, या तिन्हींतले मधुमेही रुग्ण घेऊन त्यांचं रक्त आणि लघवी आज साठवावी, टीएनएफआर-१, टीएनएफआर-२, किम-१ मोजावं, सोबत सिकलसेलची स्थिती, पिण्याच्या पाण्याचा क्षार आणि वेदनाशामक गोळ्यांची नोंद घ्यावी, आणि निदान दहा वर्षं त्यांचा पाठपुरावा करावा. लघवी, वय, बीपी आणि क्रिएटिनिन यांवरून जेवढं कळतं, त्यापेक्षा नव्या प्रथिनांवरून किती जास्त कळतं, हा प्रश्न त्या अभ्यासानं सोडवावा. संमतीपत्र वऱ्हाडी, गोंडी आणि कोरकूत वाचून दाखवावं. रक्त देणाऱ्याला त्याचा निकाल समजावून सांगितला जावा, आणि अभ्यासात ज्याच्या लघवीत अल्ब्युमिन सापडेल, त्याची गोळी अभ्यास संपण्याची वाट न बघता त्याच आठवड्यात सुरू व्हावी. ही अट मंजुरीच्या कागदावरच लिहून घ्यावी.